हलता आकडा

पाठीचे चार स्क्रू काढले
आणि आधी शिंकच आली.
मिरचीबाजारातला काटा,
त्याच्या पोटात नंदुरबारची अख्खी सुगी
लाल पिठासारखी बसलेली.
ब्रशने झाडली, दाराकडे तोंड करून खोकलो.
पायरीवरची सुनकी वळवी हसली.
ती रोज याच धुळीत बसते
देठं खुडत, किलोच्या भावाने.

मुनीमाने पोराबरोबर काटा पाठवला, निरोप एवढाच :
सप्लाय बघ.
ही न बोलावता मागोमाग आली.
"दखसू, काय निंघस ते."

हात घालण्याआधी
मोठ्या कपॅसिटरला दिव्याच्या वायरी टेकवल्या.
दिवा एकदाच लख्ख होऊन गेला.
पिन उपटली तरी हा सव्वातीनशे व्होल्ट
उराशी धरून बसतो,
कुणाच्या तरी बोटाची वाट बघत.
हिलाल मिस्तरींनी पहिला धडा
तोंडाने शिकवलाच नाही,
उजवा अंगठा दाखवला :
नखाखाली पांढरा, तांदळाएवढा डाग.

पलीकडे, आउटपुटला, दोन जण शेजारी शेजारी.
एकाचा माथा फुगलेला,
फुलीच्या खाचेत तपकिरी थेंब वाळलेला,
शिळ्या मासळीचा वास.
हा कुणालाही सापडला असता.
दुसरा ताठ, चकचकीत, माथा सपाट.
"हाऊ ते बेस शे ना?"
मीही तसंच म्हणालो असतो, पहिल्या वर्षी.
मीटर लावलं : अकरा ओहम.
तिथे शून्याला लागून काहीतरी हवं होतं.
आतून पार कोरडा, आणि अंगावर एक सुरकुती नाही.
दहा अंश वाढले की यांचं आयुष्य निम्मं होतं,
आणि आमच्याकडे वैशाखात पत्र्याखाली
पाण्याचा हंडासुद्धा चटका देतो.

तिला सांगितलं, जमेल तसं :
हे दोघे वाळले की वीज सपाट राहत नाही,
तिच्यावर लाट उठते.
वजन तेच, आकडा थरथरतो.
चार दोनशे. चार ऐंशी. चार दोनशे चाळीस.
ती म्हणाली, माहीत आहे.
सहा महिने तेच बघतोय आम्ही.

कथील वितळवून ओढून घेतलं,
राळेचा धूर दोघांच्या मधून वर गेला.
नवे बसवले, एकशेपाच डिग्रीचे.
पंच्याऐंशीचे चार रुपयांनी स्वस्त पडतात,
पण मग पुढच्या होळीला हाच काटा पुन्हा माझ्या टेबलावर,
आणि पुन्हा हीच शिंक.
उण्याची पट्टी उण्याकडे, दोनदा बघून.
सिरीजचा दिवा भडकला, मंदावला, विझला.
विझला, म्हणजे जमलं.

पाच किलोचं माप तिनेच ठेवलं.
पाच. शून्य. शून्य. शून्य.
हलेना.
ती वाकून बघत राहिली,
एखादं मूल खरंच झोपलंय की सोंग करतंय
ते बघावं तसं.

"म्हंजे काटा खोटा नही व्हता?"
नव्हता. दमला होता.
"मंग हालता आकडा
मुनीम कायम खालनाच का लिखे?"

टेबलावर मीटर होतं, ईएसआरचं वेगळं होतं,
ड्रॉवरमध्ये भिंग होतं.
मी चिमट्याने बोर्डावरचा कचरा वेचत बसलो.

बिल : दोन कपॅसिटर, मजुरी, दीडशे.
बिल मुनीमाच्या नावे. तिने खाली बघून विचारलं,
हे काढलेले फेकणार का?
दोन्ही पुढे केले.
फुगलेला तिने परत सरकवला.
ताठ दिसणारा तेवढा उचलला, फुंकर मारली,
पदराच्या टोकाला गाठ घातली.
काट्याची एक बाजू पोराने धरली, दुसरी हिने,
आणि दोघं बाजाराकडे निघाले.
अंगठ्याने डोळा पुसला मी,
आणि झोंबलं.